नासिख आणि मन्सूख : कुरआनाच्या वाचनातला एक जुना पेच

कुरआनाच्या दुसऱ्या सूरेत, अल्-बकरामध्ये, विधवांविषयीच्या दोन आज्ञा जवळजवळ येतात. २३४वी आयत सांगते, की पतीच्या मृत्यूनंतर विधवेने चार महिने दहा दिवस थांबावे. त्यानंतर ती पुनर्विवाहाला मोकळी. २४०वी आयत मरणाऱ्या पतीला सांगते, की पत्नीच्या वर्षभराच्या निर्वाहाची तजवीज करून ठेवा, तिला घराबाहेर काढू नका. बहुसंख्य शास्त्रकारांच्या मते यांतली वर्षाची आज्ञा जुनी आहे आणि चार महिने दहा दिवसांच्या आज्ञेने ती रद्द झाली. म्हणजे रद्द करणारी आयत पुस्तकात आधी येते आणि रद्द झालेली तिच्यानंतर.

हे खटकलेला पहिला वाचक आजचा नाही. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात एक प्रसंग नोंदवला आहे. तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळात, इ.स. ६५०च्या सुमारास, कुरआनाची अधिकृत संहिता तयार होत होती. तेव्हा अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी उस्मान यांना विचारले, की ही वर्षाची आयत जर रद्दच झाली आहे, तर ती लिहून कशाला ठेवायची? उस्मान यांनी त्यांना पुतण्या म्हणून संबोधले आणि सांगितले, की आपण कशाचीही जागा हलवणार नाही. आज्ञा गेली, पण शब्द राहिले. पठणात, नमाजात आणि छापील प्रतीत ती आयत आजही तिथेच आहे.

रद्द होण्याच्या या कल्पनेला ‘नस्ख’ म्हणतात. रद्द करणारी आयत ती नासिख, रद्द झालेली ती मन्सूख. इस्लामी धर्मशास्त्रात हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. त्यावर गेली तेरा शतके ग्रंथ लिहिले जात आहेत आणि ते एकमेकांशी कडाडून भांडतातही. विषयाची ख्याती मात्र दोन टोकांची. इस्लामचे टीकाकार त्याला ग्रंथातल्या विसंगतीची कबुली समजतात, तर बरेच श्रद्धाळू त्याचा उल्लेखही टाळतात. दोन्हीकडे एक गृहीत समान असते. कोणत्या आयती रद्द झाल्या याची एक पक्की यादी कुठेतरी आहे, आणि ती पाहिली की काम झाले. अशी यादी नाही. ज्या याद्या आहेत, त्यांतले आकडे पाचपासून अडीचशेपर्यंत जातात. इतका फरक कसा पडला आणि आकडे कोणी, का ठरवले, हे पाहिले की नस्खच्या इतिहासात आयतींपेक्षा वाचकांचा इतिहास अधिक दिसू लागतो. ही प्रस्तावना त्या इतिहासाची आहे.

पेच निर्माण होतो तो ग्रंथाच्या घडणीतून. मुस्लिम श्रद्धेनुसार कुरआन एकदम उतरला नाही. इ.स. ६१०च्या सुमारास मक्केत सुरू झालेला हा क्रम ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनापर्यंत मदिनेत चालू होता. या काळात श्रोते बदलले आणि परिस्थितीही पालटली. मक्केत मूठभर अनुयायी छळ सोसत होते. ६२२च्या हिजरतीनंतर, म्हणजे मक्का सोडून केलेल्या स्थलांतरानंतर, मदिनेत एक समाज उभा राहिला. त्याला लग्ने, वारसा, कर्जे, युद्धे, तह, सगळ्यासाठी नियम हवे होते. संहिता सिद्ध झाली तेव्हा ११४ सूरांची मांडणी मात्र काळानुसार झाली नाही. पहिली छोटी सूरा वगळली तर साधारणपणे मोठ्या सूरा आधी आणि लहान नंतर, असा क्रम दिसतो. त्यामुळे कोणती आज्ञा आधीची आणि कोणती नंतरची, हे पाने उलटून कळत नाही. त्यासाठी परंपरेतल्या नोंदी, ‘अस्बाब अन्-नुजूल’ म्हणजे आयत उतरण्याचे प्रसंग आणि भाषेच्या खुणा तपासाव्या लागतात. १९२४च्या कैरो आवृत्तीत प्रत्येक सूरेच्या आरंभी ती मक्की की मदनी हे छापले गेले. जर्मन अभ्यासक थेओडोर न्योल्डेके यांनी १८६०च्या ग्रंथात सूरांचा कालक्रम लावण्याचा वेगळा प्रयत्न केला. दोन्ही क्रमांत बरेच साम्य आहे. आयतीआयतींच्या पातळीवर वाद आहेत.

नस्खला ग्रंथातच आधार आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्यांचा मुख्य पुरावा दुसऱ्या सूरेची १०६वी आयत. एखादी आयत रद्द केली किंवा विसरायला लावली, तर तिच्याहून चांगली किंवा तिच्यासारखी दुसरी आणली जाते, असा तिचा आशय. सोळाव्या सूरेची १०१वी आयत सांगते, की एका आयतीच्या जागी दुसरी आणली की विरोधक पैगंबरांवर रचून सांगत असल्याचा आरोप करतात. म्हणजे टोमणे मारणारे त्या काळीही होते. पुढे वादाला तात्त्विक धार आली. सर्वज्ञ ईश्वराला आपला हुकूम बदलावा का लागतो? बगदादमध्ये राहणारे ज्यू विद्वान सादिया गाओन यांनी इ.स. ९३३च्या सुमारास अरबीत लिहिलेल्या ग्रंथात तोरातचा कायदा कधीच रद्द होऊ शकत नाही, असा युक्तिवाद केला. मुस्लिम पंडितांचे उत्तर असे, की नस्ख म्हणजे मत बदलणे नाही. हुकूम देतानाच त्याची मुदत ईश्वराला ठाऊक असते. ती संपल्याचे माणसाला नंतर कळते.

मराठी वाचकाला हा पेच अगदीच परका वाटू नये. परस्परविरोधी विधिवाक्यांचे काय करायचे, या प्रश्नावर मीमांसकांनी आयुष्ये वेचली. जैमिनीच्या सूत्रांचा दहावा अध्याय ‘बाध’ याच विषयाला वाहिलेला आहे. सामान्य नियम आणि अपवाद यांतला भेद तर संस्कृत व्याकरणापासून आपल्या अंगवळणी पडलेला. धर्मशास्त्रातला कलिवर्ज्याचा विचारही जवळचा. नियोग किंवा द्विजांचा समुद्रप्रवास अशा काही गोष्टी पूर्वी चालत असल्या तरी कलियुगात वर्ज्य, असे निबंधकारांनी ठरवले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची सविस्तर छाननी केली आहे. साम्य मात्र इथेच थांबते. कलिवर्ज्याची यादी उत्तरकालीन पंडित वाढवू शकत होते. नस्खचे दार पैगंबरांच्या निधनाबरोबर, ६३२ मध्ये बंद झाले. त्यानंतर कोणालाही, खलीफालाही, एकही आयत रद्द करता येत नाही. पुढच्यांच्या हाती राहिले ते एवढेच, की काय रद्द झाले होते ते ओळखायचे. वाद सारा त्या ओळखण्याचा.

काही उदाहरणांत ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. अठ्ठावन्नाव्या सूरेची बारावी आयत सांगते, की पैगंबरांशी खासगी बोलायचे असेल तर आधी दानधर्म करा. लगेच पुढची आयत विचारते, की हे तुम्हाला जड वाटले का, आणि ती अट सोडून देते. परंपरा सांगते, की या आज्ञेवर प्रत्यक्ष अंमल केला तो एकट्या अलींनी, म्हणजे पैगंबरांच्या जावयांनी. एक दीनार मोडून त्यांनी दहा दिर्हम घेतले आणि प्रत्येक भेटीआधी एक दिर्हम दान केला. आठव्या सूरेत ६५व्या आयतीनुसार धीराच्या वीस योद्ध्यांनी दोनशेंना तोंड द्यायचे आहे. ६६वी आयत म्हणते, आता ईश्वराने तुमचा भार हलका केला, शंभरांनी दोनशेंना पुरे पडावे. प्रमाण एकास दहावरून एकास दोनवर आले. त्र्याहत्तराव्या सूरेच्या आरंभी रात्रीचा मोठा भाग प्रार्थनेत घालवण्याची आज्ञा आहे. त्याच सूरेची शेवटची, विसावी आयत आजारी, प्रवासी आणि लढणारे यांचा विचार करून झेपेल तेवढे पठण करा, असे सांगते. या जोड्यांत बदलाची घोषणा आयतीच्या पोटातच आहे.

किब्ल्याचा, म्हणजे नमाजाच्या दिशेचा, बदल सर्वांत प्रसिद्ध. मदिनेत आल्यावर सोळा-सतरा महिने मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत होते. मग काबेकडे वळण्याची आज्ञा झाली. मदिनेतली ‘मस्जिद अल्-किब्लतैन’, दोन किब्ल्यांची मशीद, त्या घटनेच्या स्मृतीशी जोडली जाते. पण शास्त्रकारांच्या दृष्टीने इथे एक मेख आहे. जेरुसलेमकडे तोंड करा, अशी स्पष्ट आज्ञा कुरआनात सापडत नाही. तो प्रघात पैगंबरांच्या आचरणातला, म्हणजे सुन्नेतला होता. मग कुरआनाने सुन्ना रद्द केली म्हणायचे का? आणि तसे होत असेल, तर सुन्नेने कुरआन रद्द होऊ शकतो का? या दुसऱ्या प्रश्नावर मोठमोठ्या इमामांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

दारूबंदीचे उदाहरण आणखी नाजूक आहे. दुसऱ्या सूरेची २१९वी आयत दारू-जुगारात मोठे पाप आहे आणि लोकांना काही फायदेही आहेत, पण पाप फायद्याहून मोठे, असे म्हणते. चौथ्या सूरेची ४३वी आयत नशेत नमाजाजवळ जाऊ नका एवढेच सांगते. पाचव्या सूरेची ९०वी आयत येते तेव्हा पूर्ण मनाई होते. त्या दिवशी मदिनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली, असे हदीसमध्ये वर्णन आहे. काही शास्त्रकार आधीच्या आयती मन्सूख मानतात. काहींना हे रद्द करणे वाटत नाही. सवय सोडवण्याच्या त्या पायऱ्या होत्या, असे ते म्हणतात. पहिली आयत तर कोणालाच प्यायला सांगत नव्हती, मग रद्द काय झाले?

अशा प्रश्नांमुळे नियम बांधले गेले. नस्ख लागू होतो तो आज्ञा-मनाईला. बातमी, इतिहास, स्वर्ग-नरकाचे वर्णन किंवा ईश्वराचे गुण यांना नाही, कारण तिथे बदल म्हणजे आधीचे विधान खोटे ठरणे. दोन आज्ञांचा मेळ कोणत्याही रीतीने बसत नसेल, तरच नस्ख मानायचा. कोणती आधीची हे भरवशाच्या पुराव्याने कळले पाहिजे. आणि सामान्य नियमाला अपवाद जोडला असेल, तर ते नस्ख नव्हे, ‘तख्सीस’, म्हणजे व्याप्ती आखून देणे. पहिल्या पिढ्यांतले भाष्यकार मात्र नस्ख या नावाखाली सारेच घालत: रद्द करणे, अपवाद, अट, खुलासा. चौदाव्या शतकातले अंदलुसी शास्त्रकार शातिबी यांनी हे बोट ठेवून दाखवले. जुन्या याद्या फुगलेल्या दिसतात त्याचे एक कारण हे.

शास्त्रकार नस्खचे तीन प्रकार करतात. पहिल्यात आज्ञा जाते आणि शब्द राहतात. आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे यातली. दुसऱ्यात दोन्ही जातात. तिसरा सर्वांत वादग्रस्त: शब्द गेले, आज्ञा राहिली. व्यभिचाराला चोविसाव्या सूरेच्या दुसऱ्या आयतीत शंभर फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. कुरआनात दगडाने ठेचून मारण्याची शिक्षा कुठेच नाही. तरी चारही सुन्नी संप्रदायांनी विवाहित व्यभिचाऱ्यासाठी तीच मानली. त्याच्या आधारांत खलीफा उमर यांचे एक भाषण येते. अशी आयत पूर्वी पठणात होती, पुढे लोक ती ग्रंथात सापडत नाही म्हणून ही शिक्षाच सोडून देतील, अशी भीती त्यांनी त्यात व्यक्त केल्याचे बुखारींनी नोंदवले आहे. आज्ञेचा आधार असलेले शब्द काढून घ्यायचे आणि आज्ञा तेवढी ठेवायची, यात हेतू काय, हे टीकाकारांनी मध्ययुगातही विचारले. पाकिस्तानच्या संघीय शरियत न्यायालयाने १९८१ मध्ये ही शिक्षा इस्लामी आज्ञांविरुद्ध ठरवली. न्यायालयाची रचना बदलल्यावर फेरविचारात तो निर्णय फिरला.

याच वर्गातले दुसरे उदाहरण थेट कोकणापर्यंत येते. एकाच बाईचे दूध प्यालेल्या मुलांना इस्लामी कायद्यात भावंडे मानतात. त्यांचे आपसांत लग्न होत नाही. पण दूध किती वेळा पाजले म्हणजे हे नाते जडते? पैगंबरांच्या पत्नी आएशा यांची हदीस इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात आहे: आधी दहा वेळांची आयत होती, मग ती पाच वेळांच्या आयतीने रद्द झाली. आजच्या कुरआनात दोन्ही नाहीत. शाफई संप्रदायाने पाचाचा आकडा धरला. हनफींना एकदा पाजलेलेही पुरते, कारण कुरआनातल्या आयतीत आकडा नाही. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर मराठवाडा-विदर्भातले बहुतांशी हनफी. संहितेत नसलेल्या एका आयतीच्या नोंदीमुळे, शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने, एकच स्थळ चिपळूणच्या घरात चालेल आणि औरंगाबादच्या घरात चालणार नाही.

याद्यांची कहाणी अशी. आठव्या शतकातले मदिनेचे विद्वान इब्न शिहाब जुहरी यांच्या नावावरच्या ग्रंथात ४२ मन्सूख आयती आहेत. दहाव्या शतकात इजिप्तचे व्याकरणकार नह्हास १३८ची चर्चा करतात. अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादचे अंध विद्वान इब्न सलामा २३८वर पोहोचतात. मग ओहोटी लागते. १५०५ मध्ये वारलेल्या जलालुद्दीन सुयूतींनी छाननी करून वीसेक शिल्लक ठेवल्या. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी ‘अल्-फौज अल्-कबीर’ या फारसी ग्रंथात सुयूतींची यादी पुन्हा चाळली आणि पाच उरवल्या. बाकीच्या जोड्यांचा मेळ बसतो, मग रद्द कशाला म्हणायचे, असा त्यांचा रोख.

आकडे का फुगले? विद्वत्तेची चढाओढ हे एक कारण असावे. हे शास्त्र येणे ही धर्मोपदेशकाची पात्रता मानली जाई. या विषयाच्या ग्रंथांत आरंभीच एक गोष्ट हटकून सांगितली जाते. मशिदीत प्रवचन करणाऱ्या एकाला अलींनी विचारले, तुला नासिख-मन्सूख ओळखता येते का? तो नाही म्हणाला, तेव्हा तू स्वतः बुडालास आणि दुसऱ्यांनाही बुडवलेस, असे अलींनी त्याला सुनावले. असा दंडक असल्यावर यादी लांब असणे भूषणाचे ठरणार. इब्न सलामा यांची एक गंमतही जुन्या ग्रंथांत आढळते. शहात्तराव्या सूरेत गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची स्तुती आहे. त्यातला कैदी हा शब्द अनेकेश्वरवादी युद्धकैद्याविषयी आहे, सबब मन्सूख, असे इब्न सलामांनी ठरवले. ग्रंथ वाचून दाखवला जात असताना त्यांच्या मुलीने अडवले. बाबा, इथे चुकलात. कैद्याला जेवण द्यायचे, उपाशी मारायचे नाही, यावर सगळ्या मुसलमानांचे एकमत आहे. बापाने ते मान्य केले. खरीखोटी कशीही असो, ही गोष्ट सांगणाऱ्या पुढच्या विद्वानांना फुगलेल्या याद्यांविषयी काय वाटत होते, ते तिच्यातून कळते.

फुगवट्याचा मोठा वाटा नवव्या सूरेच्या पाचव्या आयतीचा. तिला पुढे ‘तलवारीची आयत’ असे नाव पडले. पवित्र महिने संपल्यावर, करार मोडणाऱ्या अनेकेश्वरवाद्यांशी लढण्याविषयी ती आहे. एका मोठ्या मध्ययुगीन गटाने या एका आयतीने १२४ आयती रद्द झाल्याचे सांगितले: क्षमा करा, धीर धरा, दुर्लक्ष करा, तुमचा धर्म तुम्हाला आणि आमचा आम्हाला, अशा आशयाच्या. आजचे जिहादी प्रचारक आणि इस्लामवर तुटून पडणारे लेखक, दोघेही हाच आकडा आवडीने वापरतात. परंपरेतलाच विरोध मात्र दोघेही सांगत नाहीत. ९२३ मध्ये वारलेले महान भाष्यकार तबरी यांनी धर्मात जबरदस्ती नाही असे सांगणारी दुसऱ्या सूरेतली २५६वी आयत रद्द मानली नाही. न लढणाऱ्यांशी न्यायाने वागण्याविषयीची साठाव्या सूरेतली आठवी आयतही त्यांनी कायम धरली. चौदाव्या शतकातले कैरोचे जरकशी म्हणाले, की धीराच्या आयती रद्द नाहीत. दुर्बळ असताना एक आज्ञा, बळ आल्यावर दुसरी, आणि स्थिती पालटली की पहिली पुन्हा लागू. या मांडणीत नस्ख उरत नाही, पण युद्धाचा हुकूमही बाद होत नाही. म्हणून तिला आजच्या अर्थाने उदार म्हणणेही घाईचे. तलवारीच्या आयतीच्या आगेमागेच करार पाळणाऱ्यांना वगळणारी चौथी आणि आश्रय मागणाऱ्या शत्रूला सुरक्षित जागी पोहोचवा म्हणणारी सहावी आयत आहे. सगळा परिच्छेद सलग वाचला तर १२४चा दावा टिकवणे अवघड जाते.

नस्ख मुळात मान्यच नाही, असेही आवाज आहेत. दहाव्या शतकातले मोतजिली विद्वान अबू मुस्लिम इस्फहानी यांनी कुरआनाच्या आत एकही आयत रद्द नाही, असे मांडले. त्यांचा ग्रंथ उरला नाही. मते विरोधकांच्या खंडनांतून कळतात. एकोणिसाव्या शतकात अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांनी तीच भूमिका घेतली. दुसऱ्या सूरेतली १०६वी आयत, त्यांच्या मते, आधीच्या धर्मांच्या कायद्यांविषयी आहे, कुरआनाविषयी नाही. विसाव्या शतकात ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात जन्मलेले मुस्लिम भाष्यकार मुहम्मद असद यांनीही तसाच अर्थ लावला.

सर्वांत धाडसी उलटापालट सुदानमध्ये झाली. महमूद मुहम्मद ताहा या अभियंत्याने १९६७च्या ‘इस्लामचा दुसरा संदेश’ या ग्रंथात नस्ख नाकारला नाही, त्याची दिशा फिरवली. त्यांच्या मते मक्केतल्या आयती हा समतेचा आणि स्वातंत्र्याचा मूळ संदेश. सातव्या शतकातल्या समाजाला तो झेपला नाही, म्हणून मदिनेतल्या कायद्याने तो तात्पुरता मागे ठेवला. आता माणूस त्यासाठी तयार आहे. तेव्हा मदिनेच्या आयतींनी मागे सरावे आणि मक्केच्या पुढे याव्यात. राष्ट्राध्यक्ष जाफर निमेरी यांनी १९८३ मध्ये शरियत कायदे लादले, तेव्हा ताहांनी उघड विरोध केला. धर्मत्यागाच्या आरोपावरून १८ जानेवारी १९८५ रोजी खार्तूममध्ये सत्तरी ओलांडलेल्या ताहांना फाशी देण्यात आले. तीन महिन्यांत निमेरींची सत्ता गेली आणि १९८६ मध्ये सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटलाच रद्दबातल ठरवला.

पाश्चात्त्य अभ्यासकांत जॉन बर्टन यांचे काम टाळता येत नाही. त्यांचा रोख असा, की नस्खचा सिद्धान्त मोठ्या प्रमाणात नंतरच्या कायदेपंडितांच्या गरजेतून वाढला. प्रत्यक्ष रूढ कायदा एकीकडे, संहिता दुसरीकडे, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगायला हे साधन हाताशी. त्यांचे सगळे निष्कर्ष सर्वांना पटलेले नाहीत, तरी ‘शब्द गेले, आज्ञा राहिली’ या प्रकाराकडे पाहण्याची नजर त्यांनी बदलली.

ग्रंथ आणि रूढ कायदा यांच्यातली ही ओढाताण वारसाहक्कात स्पष्ट दिसते, आणि तिथे तिचा संबंध थेट मालमत्तेशी येतो. दुसऱ्या सूरेची १८०वी आयत मरणासन्न माणसाला आई-वडील आणि नातलगांसाठी मृत्युपत्र करायला सांगते. चौथ्या सूरेच्या ११ आणि १२ या आयती प्रत्येक वारसाचा हिस्सा अपूर्णांकांत ठरवून देतात. शिवाय वारसासाठी मृत्युपत्र नाही, अशी हदीस आहे. बहुतेक सुन्नी शास्त्रकारांनी १८०वी आयत मन्सूख धरली. कशाने रद्द झाली यावर मात्र मतभेद. इमाम शाफई (७६७–८२०) यांचा दंडक असा, की कुरआन रद्द होतो तो कुरआनानेच, सुन्नेने नाही. हनफींना अनेकांनी निरपवाद सांगितलेल्या हदीसने कुरआनातली आज्ञा रद्द होणे मान्य. बारा इमामी शिया पंडितांनी ही आयत रद्द मानलीच नाही. मृत्युपत्र आणि ठरलेले हिस्से एकत्र नांदू शकतात, असे त्यांचे म्हणणे.

हा फरक आजही भारतीय न्यायालयांत चालतो. सुन्नी हनफी माणसाने वारस असलेल्या मुलाला मृत्युपत्राने काही ठेवले, तर त्याच्या मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. बारा इमामी शिया माणूस मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत कोणालाही न विचारता वारसालाही देऊ शकतो. माथेरानला जन्मलेले आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले असफ अली असगर फैजी यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पाठ्यपुस्तकातून विद्यार्थ्यांच्या पिढ्या हा भेद शिकल्या. पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींचा नियम असतो. त्यामागे एक आयत रद्द झाली की नाही, हा हजार वर्षांचा वाद आहे.

घटस्फोटितेच्या निर्वाहखर्चावरून गाजलेल्या शाहबानो खटल्यातही आयतीच्या अर्थाचा प्रश्न देशाच्या चव्हाट्यावर आला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या वतीने निकाल दिला, तेव्हा घटस्फोटितांच्या निर्वाहाविषयीच्या दुसऱ्या सूरेतल्या २४१ आणि २४२ या आयती त्यात उद्धृत झाल्या. त्या आयती लागू आहेत याविषयी वाद नव्हता. त्यांची व्याप्ती किती, आणि ती ठरवायची कोणी, न्यायालयाने की उलेमांनी, यावर रान पेटले. नस्खच्या इतिहासातही अधिकाराचा हाच प्रश्न सतत डोकावत राहतो.

या विषयात शिरणाऱ्याने त्यामुळे कोणतीही यादी हाती आली की काही गोष्टी तपासाव्यात. ती कोणत्या शतकातली, लेखकाचा संप्रदाय कोणता, अपवादालाही तो नस्ख म्हणतो का, आणि कोणती आज्ञा आधीची हे तो कशावरून ठरवतो. मन्सूख ठरलेली आयत व्यवहारातून कायमची गेली, असेही गृहीत धरू नये. अंदलुसियाचे इब्न हज्म १०६४ मध्ये वारले. १८०वी आयत ठरलेले वारस वगळता इतर नातलगांसाठी आजही बंधनकारक आहे, हे त्यांचे मत चारही संप्रदायांनी बाजूला ठेवले होते. १९४६ मध्ये इजिप्तच्या मृत्युपत्र कायद्याने ते उचलले. बाप आजोबांच्या आधी वारला आणि काका हयात असेल, तर नातवंडांना वारसा मिळत नसे. त्यांच्यासाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीचे मृत्युपत्र मानण्याची तरतूद झाली. त्याच कायद्याने वारसालाही एक तृतीयांशापर्यंत संमतीशिवाय देण्याची मुभा दिली, म्हणजे सुन्नी देशाने या बाबतीत शिया मत जवळ केले. नातवंडांची तरतूद पुढे सीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्को यांनी आपापल्या फेरफारांसह स्वीकारली. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशात तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला: मृत्युपत्राचा आधार न घेता नातवंडांना बापाच्या हिश्शावर थेट उभे केले. भारतात १९३७चा शरियत कायदा या मुद्द्यावर काहीच बोलत नाही, आणि इथल्या बाप गमावलेल्या नातवंडांना काका हयात असताना आजोबांच्या मालमत्तेत अजूनही वाटा मिळत नाही.